घरचा पाव

आपल्या तीर्थपुरीत दुकानाच्या दारात पावाच्या पिशव्या टांगलेल्या दिसतात. घरात कोणी आजारी पडले की आपण पाव आणतो. सकाळी चहाबरोबर मुले पाव मागतात. परंतु हा पाव होतो कसा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाकरी आपल्या डोळ्यांपुढे होते. पाव मात्र भट्टीतून तयार होऊनच येतो. म्हणून त्याच्याविषयी नाना समजुती आहेत. कोणी म्हणतो, "पायानं मळतात म्हणून त्याला पाव म्हणायचं." कोणी म्हणतो, "त्यात काही तरी औषध घालतात, म्हणून फुगतो."

ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पाव कसा फुगतो हे आपण ह्या पाठात पाहू. मग घरी पाव करण्याची रीतही सांगू. ती काही अवघड नाही. ज्या बाईला भाकरी थापता येते, तिला पाव जमणार नाही असे होणारच नाही.

पाव आला कोठून?

'पाव' हा शब्द पोर्तुगीज लोकांचा. त्यांच्या भाषेत रोटीला 'पांव' असा काहीसा उच्चार करतात. पायाशी त्याचा संबंध नाही. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला आणि पुढे वसईही घेतली. ते गव्हाची भट्टीत भाजलेली रोटी खाणारे लोक. ती रोटी त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. गोव्यात पाव करणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात. आजही पोदेर सायकलवर टोपली बांधतो, भोंगा वाजवतो आणि दारोदार पाव विकतो. पूर्वी गोव्यात पीठ फुगवायला माडाची सूर घालीत. सूर म्हणजे माडाचा ताजा, फसफसणारा रस. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे कारण येणार आहे.

पाव आपल्याकडे आला, पण सुखासुखी घरात शिरला नाही. परक्या धर्माच्या माणसाने केलेला पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी तेव्हा समजूत होती. वसईकडे एक हकीकत सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पावाचा तुकडा टाकीत. गावाने ते पाणी प्यायले की सारा गाव बाटला असे धरीत. मग ते लोक आपल्याच भाऊबंदांना परके होत. विचार करा, पिठाच्या एका तुकड्यापायी माणसे माणसांना तुटत होती!

ही समजूत मोडावी म्हणून काही शहाणी माणसे पुढे आली. मुंबईत 1849 साली दादोबा पांडुरंग व त्यांचे सोबती यांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडणे हा त्या सभेचा हेतू होता. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. जो तो पाव खाई, त्याने जातीचे बंधन तोडले असे समजत. पण हे सारे गुप्तपणे चाले. लोकांचे भय केवढे असेल, ते ह्यावरून समजावे.

पुढे 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही पुढारी मंडळींना बोलावणे गेले. तेथे त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेवली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. ही बातमी छापून आली आणि गावभर गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले. एवढ्या थोर माणसांना चहा-बिस्किटांपायी हा त्रास!

आज आपण भट्टी कोणाची हे न विचारता पाव घेतो. हे आपोआप झाले नाही. त्यासाठी कोणी तरी आधी बोलणी खाल्ली आहेत.

भाकरी फुगते आणि पाव फुगतो

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाकरीही फुगते आणि पावही फुगतो. मग दोहोंत फरक काय?

भाकरी तव्यावर टाकली की पिठातल्या पाण्याची वाफ होते. ती वाफ वरचा पापुद्रा उचलते. भाकरी टम्म फुगते. ताटात आली की वाफ निघून जाते आणि भाकरी बसते. पावाचे तसे नाही. पाव आतून जाळीदार होतो आणि थंड झाला तरी फुगलेलाच राहतो.

ह्याला दोन गोष्टी लागतात. एक, पिठात हवा भरणारा कोणी तरी. दोन, ती हवा धरून ठेवणारे पीठ.

हवा भरतो कोण?

हवा भरणारा हा एक जीव आहे. त्याला यीस्ट म्हणतात. तो इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही. एका चिमटीत असे अब्जावधी जीव मावतात. तो साखर खातो. साखर खाऊन तो एक वायू सोडतो आणि थोडे मद्य तयार करतो. हा वायू म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर जे बुडबुडे येतात, तो हाच वायू. पिठात जागोजागी हे बुडबुडे होतात आणि पीठ वर येते.

कोणी विचारील, "गुरुजी, मग पावात दारू असते की काय?" नाही. ते थोडेसे मद्य भट्टीच्या आचेने बहुतेक उडून जाते. पावाने कोणाला नशा येत नाही.

यीस्ट आपल्याला अगदी अनोळखी नाही. हलवाई जिलबीचे पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवतो. सकाळी ते फसफसते. ताडाची किंवा माडाची सूर ठेवली की फसफसते. तेथेही असेच बारीक जीव काम करीत असतात. म्हणूनच गोव्याचा पोदेर पिठात सूर घाली. सुरेत यीस्ट असते. त्याला त्याचे नाव माहीत नव्हते, पण गुण माहीत होता.

हॉलंड देशातील लेव्हेनहूक नावाच्या माणसाने 1680 साली सूक्ष्मदर्शक भिंगातून हे कण प्रथम पाहिले. पण ते सजीव आहेत आणि आंबवण्याचे काम तेच करतात, हे फ्रान्समधील लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने 1857 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. लोक पाव खात होते हजारो वर्षे. कारण समजले ते अलीकडे.

आणखी एक गंमत ऐका. कारखान्यात यीस्ट वाढवतात ते बहुधा उसाच्या मळीवर. साखर काढल्यावर जो काळा पाक उरतो, ती मळी. तीत साखरेचा अंश उरलेला असतो. यीस्टला तेच खाद्य. म्हणजे आपल्यासारख्या शेतकऱ्याचा ऊस असा फिरून पावात येतो!

हवा धरतो कोण?

गव्हाच्या पिठात एक चिवट पदार्थ असतो. पीठ भिजवून मळले की तो तयार होतो. त्याला ग्लुटेन म्हणतात. आपण त्याला चिवटा म्हणू. हा चिवटा रबरासारखा ताणला जातो. यीस्टने वायू सोडला की चिवट्याचे बारीक बारीक फुगे होतात. वायू त्यांत अडकून राहतो.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. कुरडया करताना आपण गहू भिजवतो, वाटतो आणि पाण्यात कालवून गाळतो. खाली पांढरा चीक बसतो. तो चीक म्हणजे गव्हातील पिठूळ भाग. आता मूठभर मैद्याचा घट्ट गोळा करा. तो अर्धा तास पाण्यात ठेवा आणि मग पाण्यातच हलके हलके चोळा. पांढरे पाणी निघून जाईल. हातात शेवटी एक चिकट, ताणणारा गोळा उरेल. तोच चिवटा.

ज्वारीत हा चिवटा नसतो. म्हणून ज्वारीची पोळी लाटता येत नाही, भाकरी थापावी लागते. म्हणूनच आपण पिठात ऊन पाणी घालतो. ऊन पाण्याने ज्वारीचे पीठ थोडे शिजते आणि चिकटपणा येतो. पीठ जुने झाले, विरी गेली की भाकरी फाटते. हे सारे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शास्त्र त्यांच्या हातात होते, फक्त पुस्तकात लिहिलेले नव्हते.

तर नुसत्या ज्वारीचा फुगीर पाव होत नाही. पण तीन वाट्या गव्हाच्या पिठात एक वाटी ज्वारीचे पीठ घातले तर पाव होतो. तो थोडा कमी फुगतो, पण चव खमंग लागते.

घरी पाव करण्याची रीत

आता साहित्य वहीत लिहून घ्या.

मैदा अर्धा किलो. (निम्मा मैदा व निम्मी कणीक घेतली तरी चालेल.)
कोमट पाणी 300 मिलिलिटर. म्हणजे 200 मिलिलिटरचा पेला दीड वेळा भरून.
कोरडे यीस्ट चहाचे दोन सपाट चमचे.
साखर दोन चमचे.
मीठ दीड चमचा.
गोडे तेल चार चमचे.

पहिली गोष्ट, पाणी. बाळाच्या अंघोळीला घेतो तितके कोमट असावे. कढत पाण्याने यीस्ट मरते. साठ अंशांच्या आतच ते संपते. एकदा मेले की मग कितीही वाट पाहा, पीठ फुगायचे नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात मात्र कोमट पाण्याचीही गरज नाही. माठातले पाणी घ्या.

दुसरी गोष्ट, यीस्ट जिवंत आहे का ते पाहा. अर्धा पेला पाणी घ्या. त्यात साखर विरघळवा, यीस्ट टाका आणि दहा मिनिटे झाका. वर फेस आला तर यीस्ट चांगले. फेस आला नाही तर ते जुने झाले असे समजा. त्यात मैदा घालून नासाडी करू नका.

तिसरी गोष्ट, मळणे. परातीत मैदा घ्या. मीठ मिसळा. यीस्टचे पाणी, उरलेले पाणी व तेल घाला. कणीक घेतली असेल तर पाणी थोडे जास्त लागेल. आता दहा-बारा मिनिटे चांगले मळा. पुढे ढकला, ताणा, दुमडा, पुन्हा ढकला. पोळीच्या कणकेपेक्षा ते थोडे सैल असते. आरंभी हाताला चिकटते. घाबरून वरून पीठ घालू नका. मळता मळता गोळा गुळगुळीत होतो. त्याचा लहानसा तुकडा दोन्ही हातांनी ताणा. न फाटता पातळ पापुद्रा झाला की चिवटा तयार झाला.

चौथी गोष्ट, विसावा. भांड्याला तेलाचा हात लावा. गोळा त्यात ठेवा आणि वर ओले फडके झाका. गोळा दुप्पट होईपर्यंत हात लावू नका. साधारण एक ते दीड तास लागतो. उन्हाळ्यात पाऊण तासातही होते. थंडीत दोन तास लागतात. थंडीत भांडे चुलीपासून हातभर दूर, उबेला ठेवावे. घड्याळापेक्षा गोळ्याकडे लक्ष द्यावे. फार वेळ ठेवले तर पीठ आंबूस होते आणि खाली बसते.

पाचवी गोष्ट, घडवणे. फुगलेला गोळा हलक्या हाताने दाबून वायू काढा. लांबट आकार द्या आणि तेल लावलेल्या डब्यात ठेवा. डबा निम्मा भरला पाहिजे. पुन्हा अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. पीठ डब्याच्या काठाला आले की भाजायला घ्या.

भट्टी नसली तर?

भट्टी नाही म्हणून अडू नका. जाड बुडाचे मोठे पातेले किंवा लोखंडी कढई घ्या. तळाशी बोटभर धुतलेली कोरडी वाळू पसरा. त्यावर लोखंडी कडे किंवा तिवई ठेवा. घट्ट झाकण लावा. मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापू द्या. मग पावाचा डबा अलगद कड्यावर ठेवा आणि पुन्हा झाका. आच मध्यमच असू द्या. पहिली अर्धी घटका तरी झाकण उघडू नका. चाळीस ते पन्नास मिनिटांत पाव भाजतो. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवावेत. नानकटाईला ठेवतात तसे. म्हणजे वरूनही रंग येतो.

दोन गोष्टी सांभाळा. प्रेशर कुकर वापरायचा झाला तर शिट्टी व रबर दोन्ही काढून ठेवा. नाही तर अपघात होईल. आणि तापलेली वाळू पायावर पडू देऊ नका. लहान मुलांना दूर ठेवा.

पाव झाला की नाही हे कसे ओळखावे? डब्यातून काढून बुडावर टिचकी मारा. पोकळ, ढब्ब आवाज आला तर झाला. मग तो जाळीवर किंवा चाळणीवर तासभर निवू द्या. गरम पाव कापला तर आत गचका लागतो. मुले धीर धरीत नाहीत हे खरे, पण आपण धरावा.

पाव करणारे यंत्र

आता शहरात काही घरांत पाव करण्याचे विजेचे यंत्र आले आहे. ते पेटीसारखे असते. आत एक डबा, डब्याच्या तळाशी फिरणारे पाते आणि बाजूला तापणारी तार. आधी पाणी, मग पीठ, एका कोपऱ्यात मीठ आणि पिठात खळगा करून त्यात यीस्ट टाकायचे. झाकण लावून कळ दाबायची. यंत्र स्वतःच मळते, विसावा देते आणि भाजते. तीन-चार तासांनी तयार पाव निघतो.

ह्या यंत्राची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जपानमध्ये मात्सुशिता नावाची कंपनी होती. तेथील मंडळींनी 1985 च्या सुमारास हे यंत्र करायला घेतले. पण पाव काही केल्या जमेना. बाहेरून करपे आणि आत कच्चा राही. त्यांनी पिठाची क्ष-किरणांनी तपासणी केली, तरी कारण कळेना. तेव्हा त्यांच्यातील इकुको तनाका या बाईंनी एक विचार केला. ओसाका शहरात एका हॉटेलचा पाव नामांकित होता. तनाकाबाई तेथील मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेल्या. त्याच्याजवळ उभे राहून त्या पीठ मळू लागल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले की हा माणूस पीठ नुसते ताणीत नाही, ताणताना पीळही देतो. मग कंपनीच्या कारागिरांनी डब्याच्या आतून उभ्या पट्ट्या बसवल्या. पाते फिरले की पीठ त्या पट्ट्यांना अडून पिळले जाऊ लागले. पाव जमला. 1987 साली ते यंत्र बाजारात आले.

ह्यात आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. शिकलेल्या माणसांना जे पुस्तकात सापडले नाही, ते एका पाववाल्याच्या हातात होते. त्याला ते शब्दांत सांगता येत नव्हते. शिकायला आलेल्या बाईंनी मान लववली, हात पिठात घातले आणि ते शब्दांत आणले. आपल्या गावातही अशी हातची विद्या पुष्कळ आहे. ज्यांना लिहिता येऊ लागले, त्यांनी ती वहीत उतरवून ठेवावी.

यंत्र घ्यावे का? ते सुमारे पाचशे-सहाशे वॅटचे असते. वीज फार खात नाही. पण मध्येच वीज गेली आणि बराच वेळ आली नाही, तर पीठ तसेच आत राहते. आपल्याकडे विजेचा भरवसा नाही. तेव्हा आधी हाताने शिकावे. हाताने आले की यंत्र केव्हाही चालवता येते.

भाकरी की पाव?

आम्ही पाव करायला सांगतो, म्हणजे भाकरी सोडा असे सांगत नाही. मैद्यात कोंडा नसतो. धान्याचा पुष्कळ कस कोंड्याबरोबर निघून जातो. ज्वारीची भाकरी रोजच्या जेवणाला केव्हाही उजवी. काही माणसांना गव्हातला चिवटा मुळीच सोसत नाही, त्यांना तर ज्वारीच लागते. ज्याला मधुमेह आहे त्याने मैद्याचा पाव बेताने खावा. आजाऱ्याला नुसत्या चहा-पावावर ठेवू नये. त्याला मऊ भात, वरण, दूध द्यावे.

मग पाव करावा कशाला? कधी हौस म्हणून. कधी मुलांसाठी ताजा म्हणून. आणि आत काय घातले ते आपल्याला ठाऊक असते म्हणून.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. पाव चांगला फुगावा म्हणून काही ठिकाणी पिठात पोटॅशियम ब्रोमेट नावाचे रसायन घालीत. ते शरीराला घातक ठरू शकते. दिल्लीच्या एका संस्थेने 2016 साली बाजारातील पाव तपासून हे उघड केले. त्याच वर्षी सरकारने त्या रसायनाला बंदी केली. म्हणजे कोणी तरी तपासले, कोणी तरी वाचले, म्हणून बंदी आली.

तुम्हीही वाचायला लागला आहात. पावाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत काही छापलेले असते. कधी तयार केला, केव्हापर्यंत खावा आणि आत काय आहे, ते तेथे लिहिलेले असते. पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'गव्हाचा' असे असले, तरी मागची बारीक अक्षरे पाहा. जो जिन्नस सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले येते. पहिले नाव मैद्याचे असेल तर तो मैद्याचाच पाव समजा. पुष्कळदा ही अक्षरे इंग्रजीत असतात. तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलाला हाक मारा आणि वाचून घ्या. त्यात कमीपणा नाही. तारीख मात्र आकड्यांत असते, ती तुमची तुम्हालाच वाचता येईल. तारीख उलटून गेलेला पाव दुकानदाराने दिला, तर तो परत करा. पावावर हिरवी-काळी बुरशी दिसली, तर तेवढाच भाग काढून उरलेला खाऊ नका. सगळा टाकून द्या. बुरशीची मुळे आत गेलेली असतात.

पूर्वी पाव कोणी केला एवढेच लोक पाहत. आत काय आहे ते पाहत नसत. आता आपण उलट करू. कोणी केला ते राहू द्या. आत काय आहे, तेवढे नीट वाचा.

लक्षात ठेवा

1. यीस्ट जिवंत असते. कढत पाण्याने मरते.
2. गव्हातला चिवटा वायू धरतो. ज्वारीत चिवटा नसतो.
3. चांगले मळणे आणि पुरेसा विसावा, ह्यांवर पाव अवलंबून.
4. कुकरमध्ये भाजताना शिट्टी व रबर काढावे.
5. विकत घेताना तारीख वाचावी.

उत्तरे लिहा

1. भाकरी कशाने फुगते? पाव कशाने फुगतो?
2. परमहंस सभेत नव्या सभासदाला पाव का खावा लागे?
3. तनाकाबाई पाववाल्याकडे काय शिकल्या?
4. तुमच्या घरातील पावाच्या, बिस्किटांच्या किंवा चहाच्या पाकिटावरील तारीख वाचा आणि वहीत लिहून आणा.